टोकं हिरवी, मधे लाल, मुळाशी केशरी: ब्लीचने मोडकळीस आलेल्या केसांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन-चार वर्षं घरी काळी मेंदी, मधूनमधून पाकिटातला काळा डाय. मागच्या वर्षी स्मूदनिंग. मग ॲश ब्राउन, म्हणजे राखाडी झाकेचा तपकिरी, हवा म्हणून सलूनमध्ये दोनदा ब्लीच. आज मुळाशी झगझगीत केशरी, मधे काळपट लाल पट्टा आणि टोकं करडी-हिरवट, ओली असताना रबरासारखी ताणली जाणारी. टोनर, म्हणजे ब्लीचनंतर छटा द्यायला लावलेला सौम्य रंग, चार धुण्यांत उतरतो. दीड महिन्यावर भावाचं लग्न. सलूनवाले म्हणतात, आणखी एकदा ब्लीच करून सगळं एकसारखं करू. आई म्हणते, मेंदी लावून टाक. काय करावं?

तिसरं ब्लीच नको, मेंदीही नको. आणि ॲश ब्राउन या लग्नापुरता तरी डोक्यातून काढा. ‘केस फार केशरी झालेत, आणखी ॲश मारा’ हे वाक्य मी रोज ऐकते. तुमच्या मुळांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण टोकांचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिथे लाल-सोनेरी रंगद्रव्य जास्त झालेलं नाही, संपलेलं आहे. जिथे ते संपलंय तिथे परत भरायचं, आणि जिथे उरलंय तिथेच ॲश वापरायचा. हे झालं तर केस चांगले दिसतील, आणि त्यासाठी ब्लीच लागत नाही.

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतो. खांद्याखाली आलेली बट म्हणजे तीन वर्षांत लावलेलं सगळं एकाच ठिकाणी. म्हणून तुमच्या डोक्यावर आज तीन वेगळ्या प्रकारचे केस आहेत, आणि एकच मिश्रण एकच वेळ ठेवून ते एकसारखे होणं शक्य नाही.

मुळांजवळचे केस ब्लीच लागेपर्यंत कोरे होते. आपल्याकडचे केस शेड कार्डवर बहुतेक वेळा २ किंवा ३ लेव्हलला असतात (१ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी). ब्लीच काळा रंग काढून खाली पांढरं ठेवत नाही. काळ्याखालून लाल निघतो, लालाखालून केशरी, मग पिवळा, मग फिकट पिवळा. केसातल्या मेलॅनिनचे दोन प्रकार आहेत. काळपट-तपकिरी प्रकार लवकर फुटतो, लाल-पिवळा चिवट असतो. शिवाय टाळूच्या उष्णतेने मुळाशी ब्लीच जास्त जोरात चालतं, म्हणून पहिले एक-दोन सेंटीमीटर सर्वांत भडक. तुमची मुळं आता ६ लेव्हलच्या आसपास, ऐन केशरीत अडकली आहेत. घरी जांभळा शाम्पू वापरत असाल तर त्याने इथे काही होणार नाही. जांभळा पिवळ्याला मारतो. केशरीला निळा लागतो. आणि फोनमधला तो ॲश ब्राउनचा फोटो बहुधा ७ किंवा ८ लेव्हलचा असतो. तिथे पोचायला केशरी ओलांडून पिवळ्यापर्यंत जावं लागतं. ९ लेव्हलचा टोनर ६ लेव्हलच्या केशरीवर लावला तर तो दिसतच नाही, पैसे तेवढे जातात.

मधला पट्टा हा काळ्या डायचा साठा आहे. पाकिटातला डाय आणि बाजारातली बहुतेक काळी मेंदी यांत काम करणारं रसायन एकच, पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. काळ्या मेंदीत मेंदी नावापुरती असते. पीपीडीचे रेणू केसात शिरताना लहान असतात; आत पेरॉक्साइडने एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि बाहेर पडत नाहीत. दर महिन्याला मुळांना लावताना पूर्ण लांबीवर ओढलेला डाय असा थरावर थर बसतो. वर कितीही फिकट शेडची ट्यूब लावा, तो उजळत नाही. कृत्रिम रंग ट्यूबमधल्या रंगाने निघत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ब्लीच त्याला लालपर्यंत आणतं आणि तिथे थांबतं, कारण त्यापुढे रंगाआधी केस जातो.

टोकं सर्वांत जुनी. डाय, स्मूदनिंग, प्रेसिंग आणि दोन ब्लीच, सगळं त्यांनी सोसलं. निरोगी केसावर मेदाचा एक अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. ब्लीचने तो जातो, खवले उघडे पडतात आणि आत केसाला ताकद देणारे गंधकाचे बंध तुटतात. अशा केसाला रंग देणं म्हणजे पोपडे निघालेल्या भिंतीला रंग देणं: पहिला हात भसाभस पितो, गडद दिसतो आणि पहिल्या पावसात उतरतो. तुमचा टोनर चार धुण्यांत का जातो, त्याचं उत्तर हेच. टोनर बदलून ते सुटणार नाही.

आणि हिरवं का? ॲश म्हणजे निळसर-हिरवट पायाचा रंग. तो लाल-केशरीवर पडला तर तपकिरी होतो. तुमच्या टोकांत फक्त फिकट पिवळा उरला होता. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होतो, शाळेच्या चित्रकलेत होतो तसाच. त्यात पाण्याची भर. पुण्याच्या नव्या उपनगरांत, नवी मुंबईच्या कडेला, मराठवाड्यात, जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सच्छिद्र केसात साठतात आणि रंग मळकट दिसतो. तांबंही साठतं. स्विमिंग पूलमध्ये सोनेरी केस हिरवे होतात तेही क्लोरीनच्या रंगाने नव्हे, पाण्यातल्या तांब्याने. तांबं असलेल्या केसावर पेरॉक्साइड लावलं तर केसाची मोडतोड जास्त होते, हे वेगळंच.

आता तपासणी, कारण फोटोवरून एवढंच सांगता येतं. मानेजवळच्या आतल्या थरातून, दिसणार नाही अशी, दोऱ्याने बांधून एक बारीक बट कापा. तिचे टोकाकडचे दोन-तीन केस ओले करून हलके ताणा. बरा केस ओला असताना सुमारे ३०% लांबतो आणि परत मूळ लांबीला येतो. लांबून तसाच राहिला किंवा च्युइंगगमसारखा तुटला, तर त्या भागावर ब्लीच तर सोडाच, पेरॉक्साइडसुद्धा अगदी सौम्य हवं. न ताणताच काडकन तुटला तर ते वेगळं दुखणं, तिथे प्रथिनापेक्षा ओलावा कमी पडलेला असतो. लोक दोन्हींना ‘ड्राय हेअर’ म्हणून एकच मास्क लावतात. रबरासारख्या केसाला बाँड, म्हणजे ते गंधकाचे बंध, दुरुस्त करणारं किंवा प्रथिनाचं उत्पादन, काडीसारख्या केसाला कंडिशनिंग. उलटं केलं की बिघडतं.

दुसरी चाचणी तुमच्या सलूनने करायची आहे आणि काळ्या मेंदीचा इतिहास असताना ती टाळता येत नाही. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि ते पाकिटावर लिहिलेले असतीलच असं नाही. ३० मिली २० व्हॉल्यूम, म्हणजे ६%, पेरॉक्साइडमध्ये २८% अमोनियाचे २० थेंब घालून काचेच्या भांड्यात बट ३० मिनिटं बुडवून ठेवायची. द्रावण गरम झालं, फसफसलं, वास सुटला, बट झपाट्याने रंग पालटू लागली किंवा विरघळायला लागली, तर त्या केसांवर पेरॉक्साइडचं काहीही चालणार नाही, तो भाग वाढून कापला जाईपर्यंत. अर्ध्या तासात काडीचाही फरक पडला नाही तरी धातूचा थर असू शकतो. अशा वेळी मी पुढे जात नाही. साधारण डाय असेल तर बट नुसती जराशी उजळते. दोनदा ब्लीच होऊनही काही झालं नाही म्हणून ही चाचणी सोडू नका. तेव्हापासून घरी काही लावलं असेल तर तेही सांगा. गिऱ्हाइकं स्वतःच्या डॉक्टरपेक्षा हेअरड्रेसरशी जास्त खोटं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

पहिले दोन-तीन आठवडे रंगाला हात लावायचा नाही. स्ट्रेटनर आणि ब्लोअर बंद. क्षार काढणारा, म्हणजे ‘चीलेटिंग’ असं लिहिलेला आणि घटकांत ईडीटीए किंवा तत्सम काही असलेला शाम्पू आठवड्यातून एकदा, असा एकूण दोन वेळाच पुरे. बाकी धुण्यांना सौम्य शाम्पू. बाँड दुरुस्त करणारी उत्पादनं २०१४ नंतर, ओलाप्लेक्स आल्यापासून, सगळीकडे झाली. ती उपयोगी आहेत, पण मेलेला केस जिवंत करत नाहीत. आठवड्यातून एकदा लावा आणि चमत्काराची वाट पाहू नका. खोबरेल तेलाला हसू नका. २००३ साली मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातून प्रथिन निघून जाणं कमी झालं, खराब झालेल्या केसांतही. बाकी दोघांनी फरक पडला नाही. कंपनी खोबरेलच विकते हे मनात धरूनही कारण पटण्यासारखं आहे: त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. धुण्याआधी काही तास, टोकांना, थोडं. रंगाच्या आदल्या दिवशी मात्र ते पूर्ण धुतलेलं हवं.

आणि कात्री. जी टोकं ओली असताना चिकट लागतात ती रंगाआधी कापा. दोन-तीन इंच जातील. लग्नात अंबाडा किंवा खोपा घालायचा असेल तर ही लांबी कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्या टोकांवर रंग टिकवण्याचा हट्ट धरला तर निम्मा वेळ आणि निम्मे पैसे तिथेच जातात.

रंगाचा दिवस लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी ठेवा. लक्ष्य ठेवायचं ४ ते ५ लेव्हलचा वॉर्म, म्हणजे लाल-सोनेरी झाकेचा, ब्राउन. मधला पट्टा उजळवून बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्याऐवजी बाकीचे दोन त्याच्या जवळ खाली आणायचे. तो पट्टा जरा गडद राहिला तरी मुळं आणि टोकं तपकिरी झाल्यावर तो लोलाइटसारखा, म्हणजे मुद्दाम गडद केलेल्या बटांसारखा, दिसतो. काही जणी इथे कलर रिमूव्हर मागतील. तो ब्लीच नव्हे. तो जोडले गेलेले डायचे रेणू पुन्हा लहान करतो आणि पाण्याबरोबर जाऊ देतो. गंधकाचा कुजका वास येतो आणि पंधरा-वीस मिनिटं तरी सतत धुवावं लागतं. नीट धुतलं नाही किंवा लगेच पेरॉक्साइडचा रंग लावला तर उरलेले रेणू पुन्हा जोडले जाऊन काळा परत येतो. मेंदीवर आणि धातूच्या क्षारांवर तो चालत नाही. तुमच्याकडे काय किती आहे ते बटेवर कळेल. पण लग्न तोंडावर असताना मी तो प्रयोग करणार नाही.

टोकांपासून सुरुवात. आधी तिथे हरवलेला रंग भरायचा. अमोनिया नसलेला, ६ किंवा ७ लेव्हलचा कॉपर-गोल्ड, म्हणजे बहुतेक शेड कार्डांवर बिंदूनंतर ४ आणि ३ असलेला, २% च्या आसपासच्या सौम्य डेव्हलपरमध्ये (रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडमध्ये), काही कंपन्यांच्या पद्धतीत नुसत्या पाण्यात. ब्रशने भरायचा, दहा-पंधरा मिनिटं, मग टॉवेलने टिपायचा. या टप्प्यावर टोकं गाजरासारखी दिसतात आणि खुर्चीतली बाई घाबरते. घाबरू नका, हाच तो पाया, ज्याच्याशिवाय तपकिरी हिरवा होतो. त्यावर ५ आणि ६ लेव्हलचा गोल्डन आणि न्यूट्रल मिळून, पुन्हा सौम्य डेव्हलपरने. हव्या त्या शेडपेक्षा एक लेव्हल फिकट मिसळायचं, कारण सच्छिद्र केस जास्त पितो आणि गडद निघतो. ‘५.१ द्या’ (बिंदूनंतरचा १ म्हणजे ॲश) असं टोकांसाठी कोणी म्हणालं तर उठून या.

मुळांना मात्र तोच ॲश कामाचा. तिथे केशरी भरपूर आहे, म्हणून ५ न्यूट्रलमध्ये थोडा ५.१, १० व्हॉल्यूममध्ये, म्हणजे ३% पेरॉक्साइडमध्ये. २० किंवा ३० व्हॉल्यूमने इथे मूळ काळा आणखी उघडेल आणि केशरी पुन्हा वर येईल. मधल्या पट्ट्यावर शेवटची पाच मिनिटं टोकांचंच मिश्रण पातळ करून फिरवलं तरी चालतं, चमक येते. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून उजेडात, शक्यतो खिडकीजवळ, पाहायची. ओला केस गडद दिसतो आणि सलूनचे पिवळे दिवे सगळंच सुंदर दाखवतात. पॅकेटवरची वेळ बऱ्या केसांसाठी लिहिलेली असते, तुमच्या टोकांसाठी नव्हे.

पहिल्यांदा बसलेला रंग थोडा उतरेल. म्हणून दहा दिवसांची फट ठेवली आहे: लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी टोकांवर तोच सौम्य रंग पुन्हा एकदा, दहा मिनिटं. दुसरा हात पहिल्यापेक्षा जास्त टिकतो. रंगानंतर दोन-तीन दिवस धुवू नका, मग आठवड्यातून दोनदा, कोमट ते गार पाण्याने. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं आरओच्या पाण्याने करा, दोन तांबे पुरतात. मात्र यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी नव्हे. त्यात क्षार जास्तच असतात, ते फरशीसाठीच ठीक.

स्मूदनिंगबद्दल कोणी सुचवेल: रंगानंतर लग्नाआधी एक केराटिन, म्हणजे केस गुळगुळीत. नको. हल्लीच्या बऱ्याच स्मूदनिंगमध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, ते गरम प्लेटखाली रंग एक-दोन शेडने उतरवतं आणि तुम्ही पुन्हा केशरीत. जुन्या पद्धतीचं थायोवालं, म्हणजे गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनाचं, रीबॉन्डिंग ब्लीच केलेल्या केसावर केलं तर केस हातातच येतो. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

मेंदीचं उत्तर राहिलं. शुद्ध मेंदीने केस खराब होत नाहीत, आणि पांढरे झाकायचे आहेत, आयुष्यात दुसरं काही लावायचं नाही, अशा बाईला मी स्वतः मेंदीच सांगते. पण तिचं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि रिमूव्हरने सुटत नाही. तुमच्या फिकट, सच्छिद्र टोकांवर ती भडक केशरी बसेल. त्यावर नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड, लावून काळं केलं तर आज झाकलं जाईल, पण पुढे कधी ते उजळवायचं म्हटलं की नीळ हिरवी पडते आणि तो हिरवा फार चिवट असतो. आणि ‘नैसर्गिक काळी मेंदी’ असं लिहिलेलं पाकीट म्हणजे पुन्हा तोच पीपीडी.

लग्नानंतर ॲश ब्राउनकडे जायचंच असेल तर तो नव्याने उगवलेल्या केसांवर. दर दोन महिन्यांनी दीड-दोन सेंटीमीटर कापत राहा, मुळांना काही लावू नका. सहा-आठ महिन्यांत कोरे केस सहा ते दहा सेंटीमीटर होतील. मग त्यात बारीक फॉइल हायलाइट्स, ब्लीच जुन्या भागावर अजिबात न चढवता, एका बैठकीत नव्हे तर दोन-तीन बैठकींत. पूर्ण डोकं एका दिवसात ॲश करून देतो म्हणणाऱ्याला आधी बटेवर करून दाखवायला सांगा.

एक गोष्ट रंगाच्या दिवसापर्यंत थांबवू नका. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं डाय लावणाऱ्यांनाही अचानक सुरू होते. वर सांगितलेल्या रंगांपैकी जो वापरणार तो ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून पाहा. खाज, लाली, फोड आले तर रंग रद्द आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे. लग्नघरात हाताला लावायचे ‘इन्स्टंट ब्लॅक’ मेंदीचे कोनही याच कारणासाठी टाळा. त्यांत बऱ्याचदा पीपीडी असतं, तेही केसांच्या डायपेक्षा जास्त, आणि हातावर एकदा ॲलर्जी जागी झाली की पुढे केसांचा डाय कायमचा बंद होऊ शकतो. मेंदीवालीला आधीच सांगून ठेवा: ताजी, हिरवी, दुसऱ्या दिवशी रंगणारीच हवी.